डॉक्टर व्हायचे, पण कोणत्या राज्यातून?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर हे स्थानक खानदेशच्या व्यापाऱ्यांना नवे नाही. दोन राज्यांची सीमा या स्थानकाच्या मधूनच जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांचे दालन गुजरातेत. फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग या राज्यात तर अर्धा त्या राज्यात. सुरतेहून कापडाचे गठ्ठे आणणाऱ्याचे या रेषेवाचून कधी काही अडले नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि नाक्यावरचा खोळंबाही संपला. माल कोठूनही कोठेही जातो. त्याच व्यापाऱ्याच्या मुलीने मात्र डॉक्टर व्हायचे ठरवले, की ही रेषा तिच्या वाटेत उभी राहते. तिने बारावीची परीक्षा बाकाच्या कोणत्या बाजूच्या राज्यातून दिली, यावर तिच्यासाठी किती जागा खुल्या राहणार हे ठरते.

खानदेशातील जैन कुटुंबांना हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक भेडसावतो, आणि त्याचे कारण त्यांच्या घडणीतच आहे. ओसवाल घराण्यांचे मूळ गाव पाली, नागौर, जोधपूरकडे. तीन-चार पिढ्यांपूर्वी पूर्वज मारवाडातून निघाले आणि तापीच्या खोऱ्यात स्थिरावले. आज आडत जळगावच्या दाणाबाजारात, मामा सुरतेच्या कापड बाजारात, आत्या इंदूरला आणि कुलदेवीचे स्थान राजस्थानात अशी अनेक घरांची मांडणी असते. प्रदेशही तसाच, सीमांच्या अंगाने वाढलेला. फारुकी सुलतानांच्या खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. १९६० मध्ये मुंबई राज्य दुभंगले तेव्हा पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. सोयरीक, उधारी आणि चातुर्मासाची निमंत्रणे या सीमांना जुमानत नाहीत. प्रवेशाचा कायदा जुमानतो.

हिशेब समजून घेण्यासाठी जळगावचेच उदाहरण पुरेसे आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये १०० जागांनी सुरू झाले. अशा १०० जागांपैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. त्या केंद्र सरकारची वैद्यकीय समुपदेशन समिती साऱ्या देशाच्या गुणवत्ता यादीतून भरते. उरलेल्या ८५ जागा महाराष्ट्राच्या, आणि त्या राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. सामाजिक आरक्षण, आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या जागा, खुला प्रवर्ग हे सारे या ८५ च्या आत येते. परीक्षा एकच, ‘नीट’. देशभरातून २० लाखांहून अधिक विद्यार्थी ती देतात. गुणपत्रिकाही एकच. पण त्या गुणांवर दोन दारे उघडतात, एक लहान आणि एक मोठे. मोठ्या दारातून कोणाला आत घ्यायचे हे राज्य ठरवते.

महाराष्ट्राचा सर्वसाधारण नियम असा, की विद्यार्थ्याने दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात आणि त्याच्याकडे महाराष्ट्राच्या अधिवासाचे प्रमाणपत्र असावे. मंडळ कोणते याला महत्त्व नाही. जळगावच्या शाळेतून सीबीएसईची बारावी केली तरी ती महाराष्ट्रातीलच बारावी. राज्य मंडळाचीच हवी असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. उलट पक्षी, जन्म धुळ्याचा, घर धुळ्यात, वडिलांचा व्यवसाय परवाना धुळ्याचा, आणि बारावी तेवढी परराज्यातील, तर केवळ अधिवासाचे प्रमाणपत्र दाखवून राज्य कोट्यात प्रवेश मिळत नाही. शाळा आणि अधिवास या दोन स्वतंत्र अटी आहेत. एकीने दुसरीची भरपाई होत नाही.

खासगी महाविद्यालयांत गेले की हा प्रश्न उरत नाही, अशीही एक समजूत आहे. राज्यातील खासगी विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांतही बहुतांश जागा राज्याच्या विद्यार्थ्यांसाठीच असतात. धुळ्यातील आणि जळगावातील खासगी महाविद्यालयेही याच व्यवस्थेत येतात. बाहेरच्यांसाठी राहतो तो मुख्यतः संस्थात्मक कोटा, आणि त्याचे शुल्क नेहमीच्या जागेपेक्षा बरेच अधिक. राज्याचा प्रश्न खरोखर उरत नाही तो अभिमत विद्यापीठांत, ‘एम्स’मध्ये, पुण्याच्या सशस्त्र दलांच्या महाविद्यालयात. पैकी शेवटच्या दोन ठिकाणी गुणांची स्पर्धा तीव्र आहे, तर अभिमत विद्यापीठाच्या शुल्कात जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे दुकान उभे राहते.

कोट्याची वाट

आता समजा, धुळ्याच्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा दहावीला ९४ टक्के गुण मिळवतो. घरात पहिलाच डॉक्टर व्हावा ही आजोबांची इच्छा. ओळखीतील दोन मुले कोट्याला गेलेली, त्यांतील एकाला प्रवेश मिळालेला. जून महिन्यात वडील मुलाला घेऊन कोट्याला जातात. शिकवणी वर्गाचे शुल्क भरले जाते, वसतिगृह ठरते, आणि वर्गाच्या कार्यालयातूनच अकरावी-बारावीसाठी तेथील एका शाळेचे नाव सुचवले जाते. शाळेत रोज जावे लागणार नाही, असेही सांगितले जाते. वडील सही करतात. हा अर्ज कशाचा आहे हे त्या टेबलावर कोणी समजावून सांगत नाही. तो किरकोळ सोपस्कार वाटतो. खरे तर त्या एका सहीने मुलाने महाराष्ट्रातील ८५ टक्क्यांवर पाणी सोडलेले असते. राजस्थानातील राज्य कोटाही त्याला सहजी मिळत नाही, कारण तेथेही नुसती बारावी पुरेशी नाही. मूळ निवासाचा प्रश्न विचारला जातो. दोन वर्षांनी ‘नीट’चे गुण चांगले येतात आणि प्रवेशाच्या अर्जावर बारावीचे राज्य भरताना घरात शांतता पसरते. तेलही गेले, तूपही गेले, म्हणतात तसे. हाती उरतो १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा.

या उदाहरणातील मुलगा काल्पनिक आहे, पण अशी सही दरवर्षी जून-जुलैत होत असते. राज्य निवडण्याचा क्षण ‘नीट’चा अर्ज भरताना किंवा महाविद्यालयांचे पसंतीक्रम देताना येतो असे बहुतेक पालक समजतात. तोवर निवड होऊन गेलेली असते. ती अकरावीच्या प्रवेशाला, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, बहुधा नकळत केली जाते.

याचा अर्थ कोटा वाईट असा नाही. तेथील शिकवणीचा दर्जा नाकारण्याचे कारण नाही. ज्यांना तेथे जायचेच आहे त्यांना एक सरळ मार्ग उपलब्ध आहे: अकरावी-बारावी जळगाव किंवा धुळ्यातील कनिष्ठ महाविद्यालयात नियमितपणे करावी, बारावी उत्तीर्ण व्हावे, आणि गरज वाटल्यास एक वर्ष थांबून कोट्याला जावे. पुढल्या वर्षीची ‘नीट’ कोट्यात बसून दिली तरी बारावी महाराष्ट्रातीलच राहते. नाव एका गावात आणि मुलगा दुसऱ्या गावात ही युक्ती मात्र दोन्ही बाजूंनी धोक्याची आहे. केवळ नावापुरत्या प्रवेश देणाऱ्या शाळांवर सीबीएसईची करडी नजर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाने राजस्थान आणि दिल्लीतील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. अशा शाळेच्या पटावर नाव असलेल्या मुलाची बारावीच टांगणीला लागते.

राज्यातल्या राज्यात दूर जाण्याला मात्र काहीच आडकाठी नाही. लातूरने वैद्यकीय प्रवेशासाठी नाव कमावले त्याला काही दशके झाली. खानदेशातील कितीतरी मुले अकरावीला तेथे जातात. जळगावहून लातूर काही जवळ नाही, पण ते महाराष्ट्रात आहे, आणि कोटा व लातूर यांच्यातील हा फरक कोणत्याही निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही. २०२० पूर्वी राज्यात विभागवार कोटाही होता. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून ७० टक्के जागा त्या त्या विभागासाठी राखल्या जात; खानदेश उर्वरित महाराष्ट्रात मोडत असे. सप्टेंबर २०२० मध्ये ही पद्धत रद्द झाली. तेव्हापासून जळगाव, लातूर आणि नागपूरचा विद्यार्थी एकाच यादीत उभा आहे.

मामाच्या घरी शिकायला ठेवण्याची रीत जुनी आणि प्रेमाची. सुरतेला मामा, घरात खोली, जवळच उत्तम शाळा. मुलाला अकरावीला तिकडे पाठवले तर बिघडले कुठे, असे आजीला वाटणे स्वाभाविक आहे. वैद्यकीय प्रवेशाचा विचार असेल तर बिघडते. गुजरात राज्यही आपल्या कोट्यासाठी तेथील शिक्षण आणि तेथील अधिवास या दोन्हींकडे पाहते, मध्य प्रदेशात मूळ निवासी असल्याचा दाखला लागतो. भाच्याला मामाचा अधिवास मिळत नाही. निवासी शाळांबाबतही हेच ध्यानात ठेवावे. चांदवडच्या श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाच्या संस्थांत किंवा जळगावच्या अनुभूती शाळेत मूल राहिले तर ते महाराष्ट्रातच शिकते. अबूच्या पायथ्याशी किंवा इंदूरच्या निवासी शाळेत दहावी झाली, तर अकरावीला परत येऊनही दहावीच्या अटीचा प्रश्न पुढे उभा राहू शकतो, म्हणून तसा निर्णय आठवी-नववीतच तपासून घेणे शहाणपणाचे.

राज्याने काही अपवाद ठेवले आहेत. केंद्र सरकारच्या आणि संरक्षण दलांच्या बदलीवरील कर्मचाऱ्यांची मुले, राज्य शासनाने बाहेर पाठवलेल्या कर्मचाऱ्यांची मुले यांना शाळेच्या अटीत सवलत मिळते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील ८६५ गावांतील मराठी विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र तरतूद आहे. बेळगावकडील मुलांना तिचा आधार मोठा. मात्र बुऱ्हाणपूर, सेंधवा, उच्छल किंवा निझर येथील मराठी घरांसाठी तशी तरतूद नाही. व्यापाऱ्यासाठीही नाही. सरकारी नोकर सरकारच्या आज्ञेने हलतो, व्यापारी बाजाराच्या आज्ञेने. पण कायद्याच्या दृष्टीने दुसरे स्थलांतर स्वखुशीचे. दुकान सुरतेला हलवणाऱ्या बापाच्या मुलाला सवलत का नसावी, हा प्रश्न रास्त आहे आणि तो समाजाच्या संघटनांनी शासनापुढे मांडण्यासारखा आहे. तोवर नियम आहे तो आहे.

एक देश, एक अधिवास?

हे सारे घटनेत कसे बसते, असा प्रश्न सुशिक्षित पालक विचारतातच. त्याचे पहिले उत्तर इंदूरच्या एका प्रकरणातून आले. तेथील महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात १९५२ साली दिल्लीच्या एका विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला. मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना माफ असलेले जादा शुल्क त्याच्याकडून घेतले गेले. डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या नावाने गाजलेल्या या खटल्यात १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने राज्याची बाजू उचलून धरली. घटना जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई करते; निवासावरून केलेला भेद ही वेगळी बाब आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा निकाल २२ जून १९८४ चा, डॉ. प्रदीप जैन विरुद्ध भारत सरकार. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी त्यात ठामपणे सांगितले, की घटनेला एकच अधिवास ठाऊक आहे, तो भारताचा. ‘राज्याचा अधिवास’ ही भाषाच चुकीची. तरीही मागास भागांना डॉक्टर मिळावेत, स्थानिक मुलांना संधी मिळावी यासाठी पदवी अभ्यासक्रमात रहिवाशांसाठी काही जागा राखण्यास न्यायालयाने मुभा दिली, फक्त सर्वच जागा राखू नयेत असे बजावले. त्यातूनच पुढे, दिनेश कुमार यांच्या प्रकरणात १९८६ मध्ये, एकूण जागांच्या १५ टक्के जागा देशभरासाठी खुल्या ठेवण्याचे सूत्र पक्के झाले. आज जळगावच्या महाविद्यालयातील त्या १५ टक्के जागा या निकालांची देणगी आहेत. अलीकडे, २९ जानेवारी २०२५ रोजी, तन्वी बहल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमातील निवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरवले. एमबीबीएसच्या प्रवेशाला या निकालाने धक्का लागलेला नाही. संस्थेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना काही प्रमाणात प्राधान्य देण्याची पद्धत पदव्युत्तर पातळीवर कायम आहे. तेव्हा एमबीबीएस कोठून केले याचे महत्त्व पुढेही उरते.

दोन राज्यांचे दोन दाखले

या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट कागदपत्रांची नाही. आजोबांच्या नावाचे घर अजून राजस्थानातील गावी आहे, सरपंच ओळखीचे आहेत, तेथील मूळ निवासाचा दाखला काढून ठेवायला काय हरकत आहे, महाराष्ट्राचा तर आहेच. दोन्ही यादीत नाव लागले तर चांगलेच, असा सल्ला देणारे गृहस्थ प्रत्येक गावात एकतरी भेटतात. काही दलालही भेटतात. व्यवहारी दृष्टीने हा सल्ला मूर्खपणाचा आहे. ‘नीट’चा अनुक्रमांक एकच असतो, दहावी-बारावीची आसनक्रमांकासहित नोंद एकच असते, आणि दोन राज्यांच्या याद्या ताडून पाहणे आता कठीण राहिलेले नाही. पडताळणीत खोटे आढळले तर प्रवेश रद्द होतो, गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि हे तिसऱ्या वर्षालाही घडू शकते.

श्रावकाला मात्र याहून जवळचे एक परिमाण आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा लेख करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून लाभ घेणे. आणि खोट्या मापातोलाशेजारीच नकली वस्तू खऱ्याच्या नावाने खपवण्याचा ‘प्रतिरूपकव्यवहार’ही आहे. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी लिहून ठेवावी तशी ही यादी वाटते. प्रतिक्रमणात ज्या दोषांची आलोचना वर्षानुवर्षे केली जाते, त्यांतील तीन एका बनावट दाखल्यात एकत्र येतात. शिवाय ती जागा कोणाची तरी असते. पालीच्या सरकारी शाळेत शिकलेल्या, तेथेच राहणाऱ्या एखाद्या मुलीचे नाव यादीत एका क्रमांकाने खाली जाते, आणि तिला त्याचे कारण कधीच कळत नाही.

ज्यांचे कुटुंब खरोखर हलले आहे त्यांची गोष्ट निराळी. वडिलांनी व्यवसाय दहा-बारा वर्षांपूर्वी सुरतेला नेला, घर तिकडे, मुलाची सारी शाळा तिकडे. अशा मुलाने गुजरातच्या यादीत उभे राहावे. जळगावला काकांचे घर आहे एवढ्यावरून त्याने महाराष्ट्राची वाट पाहू नये. एक भाऊ धुळ्यात आणि एक इंदुरात असलेल्या एकत्र कुटुंबात दोन चुलतभावंडांचे राज्य वेगळे असू शकते; त्यात वावगे काही नाही, फक्त ते दहावीपूर्वी घरात बोलले गेलेले असावे.

कागदांचे म्हणाल तर ते वेळेवर जमवण्यातच सारे आहे. महाराष्ट्रात वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास यांचे प्रमाणपत्र महसूल विभाग देतो. आपले सरकार केंद्रात अर्ज करता येतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांच्या वास्तव्याचे पुरावे, शिधापत्रिका, वीजबिले यांतील नावे एकसारखी आहेत ना, हे अकरावीतच पाहावे. मारवाडी कुटुंबांत आडनाव कधी ‘जैन’, कधी गोत्राचे. बापाच्या कागदावर एक आणि मुलाच्या कागदावर दुसरे, असे सर्रास आढळते. समुपदेशनाच्या चार दिवसांत हा घोळ निस्तरत नाही. अल्पसंख्याक दर्जाबद्दलही गैरसमज आहेत. जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर हा दर्जा जानेवारी २०१४ मध्ये मिळाला. त्यामुळे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जैन म्हणून वेगळी जागा मिळत नाही. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला पाहावा. त्याचा केंद्रासाठीचा आणि राज्यासाठीचा नमुना वेगळा असतो, दोन्ही काढून ठेवावेत.

शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर राज्यात एक वर्ष सेवा देण्याचे बंधपत्र असते, न दिल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. काही पालक याला अडचण मानतात. एका पिढीपूर्वी खानदेशात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय एवढेच होते; जळगावपाठोपाठ २०२० मध्ये नंदुरबारलाही ते आले. सातपुड्याच्या पायथ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्षभर काम केलेला डॉक्टर घरच्या गावी दवाखाना थाटतो तेव्हा त्याला अहिराणीत बोलणारा रुग्ण परका वाटत नाही, हा त्या वर्षाचा लाभ कोणत्याही शुल्काच्या तक्त्यात धरलेला नसतो.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे जळगाव-धुळ्याची मुलेही आता त्याच संकेतस्थळावर पसंतीक्रम भरतात. दरवर्षीच्या नियमांतील बारकावे बदलतात म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी, शिकवणी वर्गाच्या शब्दावर विसंबू नये. दहावीचा निकाल लागतो मे महिन्यात. कोट्याचे आरक्षण, सुरतेच्या मामाचा फोन आणि अकरावीचा अर्ज, तिन्ही गोष्टी त्याच पंधरवड्यात घरात येतात.